उत्तर: जुन्या मॅसी ३५ ट्रॅक्टरला कल्टिव्हेटर जोडताना भोकं जुळत नाहीत

वर कोणीतरी लिहिलंय की आधी टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि अवजाराला जोडणारा वरचा मधला दांडा) लावा म्हणजे अवजार उभं राहतं, कृपया तसं करू नका. मॅसी ३५ ला मागचा अवजार उचलणारा डावा खालचा हात आधी, कारण त्याची उंची हँडलने बदलता येत नाही, मग उजवा, त्याच्या वरच्या रॉडला लेव्हलिंगचं हँडल असतं ते फिरवून हात वरखाली करायचा की भोक बरोबर समोर येतं, आणि टॉप लिंक सगळ्यात शेवटी, ती पण फिरवून लांब-आखूड करून. काढताना बरोबर उलट. पायाने अवजार ढकलत बसायची गरजच पडत नाही, फक्त जागा सपाट हवी, आपल्याकडे कातळाचा उतार असतो तिथे हे काम करूच नये.

पिना पण तपासा. कॅटेगरी १ ला (लहान ट्रॅक्टरच्या जोडणीचं माप, मॅसी ३५ चं हेच) खालची पिन २२ मिमी, वरची १९. मोठ्या ट्रॅक्टरचं जुनं अवजार घेतलं असेल तर त्याला २८ ची असते, ती बसणारच नाही. आणि रत्नागिरी-देवगडकडे खारी हवा, एका पावसाळ्यात बॉल जॉइंट आणि हँडलचे आटे गंजून धरतात, तेव्हा पावसाआधी ग्रीस भराच.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो, ओंडका किंवा अडकलेली गाडी टॉप लिंकच्या जागेला साखळी लावून कधीच ओढू नका, ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो, माणसं गेलीयेत यात. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारनेच (ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेली ओढायची पट्टी). आणि जोडायला ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये कोणाला उभं करू नका, पोरांना तर नाहीच.