मदत हवी आहे : द्राक्षबागेच्या शेततळ्यांत अकरा जणांनी मिळून मत्स्यपालन, पाण्याचा आणि विक्रीचा मेळ कसा बसवावा?

नमस्कार.

निफाड तालुक्यातील आमच्या गावात आम्ही अकरा द्राक्षबागायतदारांनी येत्या पावसाळ्यापासून आपापल्या शेततळ्यांत ठरवून, एकाच नियोजनाने मासे सोडण्याचा विचार चालवला आहे. सर्वांची तळी जवळपास सारखीच आहेत : ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि साठा सुमारे वीस लाख लिटर. पावसाळ्यात विहिरीला पाणी असते तेव्हा ती भरून घ्यायची आणि पुढे उन्हाळ्यात बागेला पुरवायची, एवढाच त्यांचा आजवरचा उपयोग.

एकट्याने हा प्रयोग मी मागच्या वर्षी केला होता आणि तो माझ्याच चुकीने फसला. कटला आणि रोहूची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) ऑगस्टमध्ये सोडली होती, वाढही बरी होती. परंतु फेब्रुवारीत शेवाळ इतके माजले की ठिबकच्या गाळण्या दिवसातून दोनदा धुवाव्या लागू लागल्या आणि दरवर्षीच्या सवयीप्रमाणे मी तळ्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याहून अधिक मासे उलटे तरंगत होते. तांब्याचे विष तर होतेच, शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायूही संपला असणार, हे नंतर लक्षात आले. माशाला हिरवे पाणी हवे आणि ठिबकला नितळ, ही खरी ओढाताण आहे. पुस्तकात तळ्यात शेण टाकून प्लवंग (माशांचे खाद्य असलेले, पाणी हिरवे करणारे सूक्ष्म जीव) वाढवायला सांगतात, ते आमच्यासारख्याला परवडणारे नाही. यंदा शेण अजिबात न टाकता शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात देऊन, शेवाळासाठी चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) या माशांचे प्रमाण वाढवावे, असे मनात आहे. कागदी तळ्यात चिखल नसतो, म्हणून तळाशी चरणारा मृगळ अगदी थोडा ठेवावा किंवा वगळावा, असेही वाटते. कोणी असे मिश्रण प्रत्यक्ष वापरले असल्यास गाळण्यांवर काय परिणाम झाला, ते कृपया सांगावे.

दुसरी अडचण हंगामाची आहे आणि माझ्या मते सर्वांत अवघड तीच आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी (द्राक्षवेलींची उन्हाळी छाटणी) झाली की बागेला पाणी तोडता येत नाही, बाष्पीभवनही जोरात असते, आणि मेमध्ये तळ्यात जेमतेम मीटरभर पाणी उरते. म्हणजे मासा मार्चअखेर विक्रीला तयार हवा. जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली सोडली तर हाती आठ महिने येतात, पण त्यांतले डिसेंबर आणि जानेवारी निफाडच्या थंडीत जवळजवळ वाया जातात. पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा माणसेच बागेत शेकोट्या करून बसलेली असतात, मासा काय खाणार! यावर उपाय म्हणून वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर ठेवलेले साधारण शंभर ग्रॅमचे मोठे बीज सोडावे, म्हणजे पाणी भरताच ते झपाट्याने वाढते, असे वाचले आहे. अकरांपैकी एकाने आपले तळे फक्त असे बीज सांभाळण्यासाठी ठेवावे आणि उरलेल्या दहांनी ते विकत घ्यावे, ही कल्पना व्यवहारात टिकेल का? त्या एका तळ्यात उन्हाळाभर पाणी राखावे लागेल आणि त्याच्या बागेच्या पाण्याची सोय बाकीच्यांना करावी लागेल, त्यामुळे गाडे तिथेच अडते.

आता विक्री. हेक्टरी पाच हजार बीज धरले, तर ९ गुंठ्यांच्या एका तळ्यात साडेचारशे मासे बसतात; त्यांतले ऐंशी टक्के जगले आणि सरासरी पाऊण किलोचे झाले, तर एका तळ्याचे उत्पादन पावणेतीन क्विंटलच्या आसपास जाते. एवढ्या मालासाठी व्यापारी बर्फ घेऊन गावात येत नाही, आणि दहा तळी एकाच आठवड्यात काढली तर सव्वीस-सत्तावीस क्विंटल मासा एकदम हातात येऊन भाव पडतो. म्हणून तळी पाळीपाळीने काढावीत, असे ठरते आहे. पण सर्वांचे पाणी एकाच वेळी आटते, मग शेवटची पाळी कोणी घ्यायची? नाशिकमध्ये समुद्राचा मासा मुंबईहून सहज येतो, त्यापुढे गोड्या पाण्याच्या माशाला जिवंत विक्रीशिवाय वेगळा भाव मिळतो का, हेही जाणकारांनी सांगावे.

अनुदानाविषयी मी विचारत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे, आणि २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, हे माहीत आहे. आधी हिशेब जुळला पाहिजे, अर्ज त्यानंतर.

आणखी दोन लहान शंका आहेत. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य जवळ असल्याने पाणकावळे आणि बगळे भरपूर येतात; तळ्यावर जाळे ताणण्याचा खर्च निघतो का? आणि कागदाच्या उतारावर पाय ठरत नाही, ओढजाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांनी कागद फाटण्याची धास्तीही वाटते. अशा तळ्यातून आपण मासे कसे काढता?