अनुभव: ‘ही भाजी आजच फेकून द्या!’ तुमच्या घरी कुठली भाजी ठरली?

बातमी वाचून खाली जावं तर ती जाहिरात टपलेलीच असते: ‘पोटाचे डॉक्टर हात जोडून सांगतात, ही भाजी आजच फेकून द्या.’ भाजीचं नाव नाही. फोटोत काहीतरी चिरलेलं, जांभळट, बुळबुळीत. आमच्याकडे जेवताना यावर रीतसर खल झाला. लेकाने पुराव्याची वाट न बघता शेपूचं नाव घेतलं. सासूबाई म्हणाल्या, आपली भाजी असं करणार नाही, ती ब्रोकोलीच असणार. यांचा तर्क सगळ्यात पुढचा: डॉक्टरांचा मेहुणा भाजीवाला आहे, फेकलेली पुन्हा विकत घ्यायला लावणार!

तुमच्याकडे कुठली जाहिरात येते, आणि तिच्यामागे काय असेल? सविस्तर लिहा.

*

मला एक बाई दिसते. ‘नाशिकच्या गृहिणीला सापडला सुरकुत्यांवर उपाय, डॉक्टर हैराण.’ दिवाळीत बहिणीकडे गेले तर तीच बाई, तोच पोपटी कुर्ता, पण आता नागपूरची. भाची म्हणाली, आयपी ॲड्रेसवरून गाव ओळखतात आणि गाळलेल्या जागी घालतात. खरंच असेल, पण मला बहिणीची कथा जास्त आवडली: नवऱ्याची बदलीची नोकरी आहे, बिचारी नव्या गावात आधी सुरकुत्या घालवते, मग गॅसच्या नंबराला लागते.

*

कोबी. मेसमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा.

*

रत्नागिरीकडून ठाम मत: फोटोतला तो रतांबा आहे. साल गडद लाल-जांभळी, आत पांढरट गर आणि बिया. ती भाजीच नाही, फळ आहे! साली रसात बुडवून उन्हात वाळवल्या की आमसूल. ज्याने फेकायला सांगितलं त्याला एकदा सोलकढी पाजा.

*

आमच्याकडे ‘साखर मुळापासून घालवणारं पान’ येतं. वडिलांना डायबेटिस आहे, ते वही-पेन घेऊनच बसले. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, किती उरलाय तेही दिसत नाही. निवेदक सारखा म्हणतो, आता सांगतोच. तोवर वडिलांनी वहीत अंदाज लिहिले: कडुलिंब, पेरू, जांभूळ, कढीपत्ता. शेवटी पान नाहीच, गोळ्यांची बाटली, ‘फक्त आज’ निम्म्या किमतीत. वडिलांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, “पानाचं नाव सांगितलं तर बाटली कोण घेईल?”

मला मात्र राग आला. मधुमेह बरा करतो असं सांगून औषध विकणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. ज्यांची गोळी रोजची आहे त्यांनी असल्या बाटलीपायी ती सोडली तर? स्क्रीनशॉट काढून ॲस्कीकडे, म्हणजे जाहिरात मानक परिषदेकडे पाठवला. व्हॉट्सॲपवरूनही तक्रार घेतात. तुमच्या आई-वडिलांच्या फोनवर असलं काही दिसलं तर तुम्हीही पाठवा.