हेल्मेट ठीक, पण जॅकेट-ग्लोव्हजचीही सक्ती करावी का?

सायली_मुंढवा

मंडळी, धागा काढायचं कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ. मागच्या मंगळवारी ऑफिसातून येताना एका ठिकाणी रस्त्याचं काम झाल्यावर बारीक खडी तशीच सोडून दिलेली, पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला म्हणून यानेही मारला आणि गाडी खालून सटकली. स्पीड फार तर चाळीस. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता, त्यामुळे डोक्याला काही म्हणजे काहीही नाही, नुसते काचेवर चरे. पण दोन्ही तळहात सोलवटलेत, उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत सालच नाही आणि जीन्स गुडघ्यावर गोल फाटून खालचं मांस दिसत होतं. दवाखान्यात सिस्टर ब्रशने घासून एकेक खडी काढत होत्या तेव्हा हा पंचवीस वर्षांचा घोडा आईचा हात धरून बोंबलत होता. आता दिवसाआड ड्रेसिंग, चिकटलेली पट्टी ओली करून सोडवायला अर्धा तास लागतो. दोन्ही हात बांधलेले, त्यामुळे जेवण मी भरवते, बाकीचं बाबा बघतात, विचारू नका.

तर प्रश्न असा की फक्त डोक्याचीच सक्ती का? जॅकेट, ग्लोव्हज, बूट हे पण कंपल्सरी करायला नको का? आमचे काका छातीठोकपणे सांगतायत की चप्पल घालून किंवा हाफ शर्टावर गाडी चालवली तर दंड आधीपासूनच आहे, त्यांच्याकडे फॉरवर्ड पण आहे. खरं आहे का ते?

घाटवळण

सायलीताई, भाऊ लवकर बरा होवो. काकांचा फॉरवर्ड जुना आहे. २०१९ला मोटार वाहन कायद्याची दुरुस्ती आली तेव्हा हे सगळीकडे फिरत होतं, शेवटी गडकरींच्या ऑफिसने ट्विट करून सांगितलं की हाफ शर्ट, लुंगी-बनियन, चप्पल यासाठी चलान फाडायची तरतूद नाही. कायद्यात कलम १२९ आहे, ते फक्त डोक्याबद्दल बोलतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, पगडी घालणाऱ्या शिखांना सूट. हेल्मेट नसेल तर १००० रुपये दंड आणि लायसन्स ३ महिने गेलं, असं केंद्राच्या दुरुस्तीत आहे. त्याहून लहान पोरांसाठी वेगळा नियम आहे, हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा, स्पीड ४०च्या आत. तो पट्टा बांधलेलं पोर मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही हा भाग वेगळा.

गंमत बघा, कपड्यांचा विचार कायद्याने अजिबात केला नाही असंही नाही. १९८९च्या नियमांत १२३ नंबरचा नियम आहे, मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकला पाहिजे, म्हणजे मागे बसलेल्याचे कपडे चाकात जाऊ नयेत. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते. म्हणजे सरकारने साडी सांभाळली, साडीतल्या बाईचा गुडघा कोपर ज्याचं त्याने बघावं. आणि आमची पोरं नवीन गाडी घेतली की पहिलं काय काढून फेकतात तर साडी गार्ड, लुक जातो म्हणे.

आता गिअरचं, म्हणजे जॅकेट, ग्लोव्हज, पॅड यांचं. पडताना माणूस आधी हात टेकवतो, ते आपोआप होतं, कितीही शहाणा असला तरी. म्हणून तळहात पहिले जातात. साधी जीन्स डांबरावर घासली की सेकंदभरात हात टेकते. रायडिंगच्या पँटीला आणि जॅकेटला युरोपात ईएन १७०९२ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात एएए, एए, ए अशा पायऱ्या, एएए सगळ्यात वरची. आतल्या पॅडला वेगळं, पाठीच्या पॅडला लेव्हल वन म्हणजे मार बसल्यावर सरासरी १८ किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर आत पोचता कामा नये, लेव्हल टू म्हणजे ९, आकडा जितका कमी तितकं पॅड चांगलं. दुकानात जॅकेटची पाठीमागची चेन उघडून बघा, बऱ्याच स्वस्त जॅकेटात तिथे नुसता स्पंज असतो, उशीत घालतात तसला. गिऱ्हाईक खांदे कोपर दाबून बघतं आणि खूश होतं, पाठ कोणी बघत नाही.

सक्तीबद्दल म्हणाल तर माझं मत नाही असं आहे, निदान आत्ता तरी. सरकारचाच २०२२चा अहवाल आहे, देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवाले, आणि हेल्मेट नसलेले ५० हजारांच्या वर. जिथे अजून डोकंच झाकून होत नाही तिथे कोपराची सक्ती कोण पाळणार?

पेठेतला_एक

झालं, आता जॅकेटसक्ती. २०१९च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती आली तेव्हा लोक पगडी घालून रस्त्यावर उतरले होते, जॅकेट आणलंत तर उपरणं घेऊन उतरतील, लिहून ठेवा. त्याच्या आधी २०१६ला राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असं जाहीर केलं होतं त्याचं काय झालं ते पण आठवा. मी स्वतः हेल्मेट घालतो, घालत नाही असं नाही, पण मंडईतून कोथिंबीर आणायला जाताना मी चिलखत घालावं अशी अपेक्षा असेल तर माफ करा. बाई, तुमचा भाऊ जॅकेट नव्हतं म्हणून पडला का? खडी टाकून निघून गेला तो ठेकेदार. त्याला दंड कोण करणार? रस्ता झाडायला माणूस लावायचा नाही आणि नागरिकाला म्हणायचं तू जाड कपडे घाल. वा.

सायली_मुंढवा

काका, खडीचं शंभर टक्के पटलं, त्याची तक्रार टाकलीये, फोटोसकट. पण ठेकेदाराला उद्या फाशी दिली तरी भावाचे तळहात आज सोललेलेच आहेत ना.

दुपारपाळी_डिलिव्हरी

मी डिलिव्हरी करतो, तीन वर्षं झाली, दिवसाला दहा बारा तास गाडीवर, तर माझं पण ऐका. ॲपवाल्यांनी टीशर्ट दिला, बॅग दिली, दोन्हीचे पैसे कापून घेतले. जॅकेट कोणी दिलं नाही. वर घाटवळण भाऊ म्हणतात तसलं जॅकेट मी दुकानात बघितलंय, सहा-सात हजारच्या खाली हाताला लागत नाही आणि ते घालून चौथ्या मजल्यावर जिना चढायचा दिवसातून पंचवीस वेळा. लोक तोंडावर म्हणतात भैया घाम येतोय लांबून द्या.

आणि बुटाचं सांगतो. पावसाळ्यात चप्पल घालतो कारण बूट एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही, बोटांच्या मधे चिखल्या होतात, मागच्या वर्षी आठ दिवस चालता येत नव्हतं. चप्पल धोक्याची आहे हे मला माहितीये, एकदा गिअर टाकताना अंगठ्याचं नख निघालंय. पण उद्या चप्पलवर हजार रुपये दंड लावला तर माझी अख्ख्या दिवसाची कमाई गेली. सक्ती करायचीच तर ज्याच्या धंद्यासाठी मी गाडी पळवतो त्याच्यावर करा, त्याने द्यावं जॅकेट. माझ्यावर नको.

संत्रानगरी

सगळे गर्मी गर्मी करून राहिले म्हणून नागपूरहून लिहिते. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस असते, आणि त्या उन्हात एक तरी पोरगी उघड्या हाताने स्कूटीवर दिसते का सांगा. तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, पायात मोजे, डोळ्याला गॉगल. शेजारून सख्खी बहीण गेली तर ओळखू येत नाही! कोणता कायदा आहे याला? एक रुपया दंड नाही. माणसं पण दुपट्टा बांधतातच. म्हणजे काळं पडायची भीती असली की बाई पंचेचाळीस डिग्रीत डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेते आणि रस्त्याचं नाव काढलं की गर्मी आठवते.

तर माझं म्हणणं असं की सक्ती ठेवा बाजूला, ते सनकोट बनवणाऱ्यांनाच कोणीतरी सांगा ना भाऊ, कोपरावर एक पॅड शिवा, हातमोज्याच्या तळव्याला जाड कापड लावा. दोनशे रुपये जास्त लागले तर मी देईन. मी आईच्या जुन्या लेदर पर्सचा तुकडा मोज्याच्या तळव्याला शिवून घेतला आहे, पकड पण चांगली येते. टेलर हसला, हसू दे.

घाटवळण

संत्रानगरी, हे भारी आहे, कधी डोक्यात आलं नव्हतं. फक्त एक, होजिअरीचा मोजा हवा आत घेतो, पॅड घेत नाही, म्हणून पॅड छोटं आणि सगळीकडे जाळी असंच जमेल. ऑस्ट्रेलियात मोटोकॅप म्हणून एक योजना आहे, २०१८पासून, ते बाजारातलं जॅकेट स्वतः विकत घेऊन घासून बघतात आणि किती सुरक्षित याचे स्टार देतात, शिवाय घाम बाहेर पडतो का त्याचे वेगळे स्टार. आपल्याकडे दंडाच्या आधी असलं काहीतरी हवं. हेल्मेटला निदान आयएसआय आहे, २०२१च्या जूनपासून त्याशिवाय विकायलाच बंदी. जॅकेटवर ‘रायडिंग’ असं कोणीही छापू शकतो.

आणि स्कार्फची टोकं आत खोचत जा प्लीज, चाकात गेलेली एक ओढणी डोळ्यांनी बघितलीये, त्यावर जास्त लिहवत नाही.

थंडीतला_मराठी

बेल्जियममधून लिहितोय, नऊ वर्षं इथे आहे, बाईक आहे. इथे १ सप्टेंबर २०११पासून सक्ती आहे. ग्लोव्हज, पूर्ण बाह्यांचं जॅकेट, फुल पँट आणि घोटा झाकणारे बूट, मागे बसणाऱ्यालाही. पण कायद्यात त्या कपड्यांना कसलं स्टँडर्ड सांगितलेलं नाही, त्यामुळे पातळ विंडचीटर घातला तरी चालतं आणि उन्हाळ्यात असे महाभाग दिसतात. शेजारी फ्रान्समध्ये उलटं. तिथे २० नोव्हेंबर २०१६पासून सक्ती फक्त ग्लोव्हजची, पण ते सीई मार्कवालेच (युरोपातला सुरक्षेचा शिक्का, आपल्या आयएसआयसारखा) पाहिजेत, नाहीतर ६८ युरो आणि लायसन्सचा एक पॉइंट कट. मला फ्रेंच पद्धत जास्त पटते. एकच वस्तू मागितली, पण खरी मागितली.

अर्थात इथे वर्षातले आठ महिने माणूस थंडीनेच जॅकेट घालतो, कायदा नसता तरी घातलं असतं. आणि इथे बाईक हा बऱ्याच जणांचा हौसेचा मामला आहे. गावी वडील अजून स्प्लेंडरवर दुधाच्या किटल्या लावून डेअरीला जातात, पायात चप्पल. त्यांना फोनवर ग्लोव्हज घाला म्हणालो तर म्हणाले किटली कोण धरणार मग.

पेठेतला_एक

वडिलांचं बरोबर आहे.

बाकी ग्लोव्हजपुरतं असेल तर मी एवढा विरोध करणार नाही. थंडीत मी घालतोच, लोकरीचे. आता तुम्ही म्हणाल लोकरीचे चालत नाहीत.

घाटवळण

नाही चालत काका, लोकर हँडलवर घसरते.

सायली_मुंढवा

एवढी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. भावाला धागा वाचून दाखवला, तो म्हणतो सक्तीचं नंतर बघू, पहिल्या पगारात ग्लोव्हज. पण दोन्ही पंजे बांधलेले, माप कसं घ्यायचं? आईचं म्हणणं बाबांच्या हाताचं घ्या.

घाटवळण

घाई करू नका ताई, जखमा पूर्ण भरू देत, नवीन कातडी महिनाभर नाजूक असते. मग अंगठा सोडून पंजाचा घेर मोजा, बोटांच्या मुळाशी, मूठ सैल ठेवून. आणि दुकानात मूठ वळवून ब्रेकची ॲक्शन करून बघायला सांगा, तळव्याला चुणी पडली तर एक साईज बदला. दुपारपाळी भाऊ, माझ्याकडे एक जुनी जोडी पडून आहे, तळवा शाबूत आहे, लार्ज. पुण्यात असाल तर घेऊन जा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दुपारपाळी_डिलिव्हरी

खरंच? लार्ज होईल मला. फक्त एक विचारायचं होतं, ते घालून मोबाईलची स्क्रीन चालते का? ऑर्डर घ्यायला काही सेकंदच मिळतात, ग्लोव्ह काढेपर्यंत जाते.

घाटवळण

उजव्या अंगठ्याने आणि पहिल्या बोटाने चालते. पावसात नाही चालत.