शब्दचर्चा: दोन देश ‘विलीन’ होतात की ‘एकत्र’ येतात?

प्रश्न
टांझानियावर एक लेख लिहितेय. टांगानिका आणि झांझिबार हे शेजारी देश १९६४ साली जोडले गेले, त्याला मी ‘विलीनीकरण’ म्हटलं. लेख तपासणाऱ्या मैत्रिणीने त्याखाली रेघ मारून शेजारी ‘एकीकरण?’ लिहिलंय. फरक नेमका काय? आणि तिथले लोक काय म्हणतात?

उत्तर
रेघ योग्य जागी आहे, पण ‘एकीकरण’नेही माझं समाधान होत नाही.

‘विलीन’मध्ये ‘ली’ हा धातू आहे. लय, प्रलय त्यातूनच आले. मीठ पाण्यात विलीन होतं, माणूस अनंतात. हा शब्द आला की ‘कशात?’ हा प्रश्न आलाच, आणि एक बाजू विरघळली हे त्यात गृहीत आहे. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तिथे शब्द अगदी बरोबर: संस्थान संपलं, प्रांत राहिला. गोव्यातही बरोबर. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. ‘विलीन’ म्हणजे काय होणार हे त्या मतदारांना कोशात पाहावं लागलं नसेल.

आता तुमचा विषय. टांगानिका ९ डिसेंबर १९६१ ला स्वतंत्र झाला, झांझिबार १० डिसेंबर १९६३ ला. दोन्हीकडे अंमल ब्रिटिशांचा. साधारण महिन्याभराने, १२ जानेवारी १९६४ ला, झांझिबारात क्रांती होऊन सुलतानाची सत्ता गेली. २२ एप्रिलला टांगानिकाचे अध्यक्ष न्येरेरे आणि झांझिबारचे अध्यक्ष कारूमे यांनी करारावर सह्या केल्या, आणि २६ एप्रिलला नवं राज्य अस्तित्वात आलं. मग कोण कशात विरघळलं? झांझिबारला आजही स्वतःचा अध्यक्ष, सरकार आणि प्रतिनिधिगृह आहे, २००५ पासून झेंडाही आहे. उलट कितीतरी पट मोठ्या टांगानिकाचं वेगळं सरकार तेव्हाच गेलं, आणि काही महिन्यांत देशाचं नाव ‘टांझानिया’ झाल्यावर ते नावही गेलं. उरलं फक्त सुरुवातीचं ‘टां’. मुख्य भूमीला, म्हणजे जुन्या टांगानिकाला, तिथे आता ‘बारा’ म्हणतात. म्हणजे ‘झांझिबार टांगानिकात विलीन झालं’ हे वाक्य वस्तुस्थितीलाच धरून नाही.

स्वाहिली शब्द आहे ‘मुउंगानो’, आणि तो मला फार आवडतो. ‘उंगा’ म्हणजे जोडणे. त्याला ‘ना’ लागला की क्रिया परस्परांची होते: ‘पेंडा’ प्रेम करणे, ‘पेंडाना’ एकमेकांवर प्रेम करणे. तसंच ‘उंगाना’ म्हणजे एकमेकांना जोडून घेणे, आणि त्याचं नाम मुउंगानो. यात ‘कशात?’मधला ‘-त’ नाहीच, ‘कशाशी?’मधला ‘-शी’ आहे. (‘किउंगो’ म्हणजे शरीराचा सांधा. त्याचंच अनेकवचन ‘विउंगो’ मसाल्यांनाही वापरतात, आणि झांझिबार तर लवंगेचं बेट!)

आणखी एक प्रतिसाद
मग ‘ऐक्य’ का नको? रिपब्लिकन ऐक्य म्हणतोच की आपण.

उत्तर
चांगला मुद्दा आहे, पण ऐक्यासाठी स्वाहिलीत निराळा शब्द आहे. ‘मोजा’ म्हणजे एक, त्यावरून ‘उमोजा’. हुबेहूब आपलं एक-ऐक्य. टांझानियाच्या बोधवाक्यात तोच आहे: ‘उहुरू ना उमोजा’, स्वातंत्र्य आणि ऐक्य. ऐक्य ही मनाची स्थिती, मुउंगानो हा करार. ‘एकीकरण’ही नको वाटतं ते यामुळेच. मुळात एक असलेलं, मग तुकडे झालेलं पुन्हा एक करणं, असा भाव त्यात येतो. इटलीचं, जर्मनीचं एकीकरण म्हणतो ते त्याच अर्थाने.

मी ‘एकत्रीकरण’ निवडेन. ‘एकत्र’ म्हणजे एका ठिकाणी; एकरूप नव्हे. एकत्र राहणाऱ्या भावांत कुणाची चूल वेगळी असते, कुणाची नसते, तरी उंबरठा एक असतो. टांझानियात नेमकं हेच भांडण आहे: संघाचं आणि झांझिबारचं अशी सरकारं दोन पुरेत की टांगानिकाचं तिसरंही हवं? २०१३-१४ मध्ये राज्यघटनेच्या मसुद्यात तिसऱ्या सरकारची शिफारसही झाली होती. कारूमे यांच्या नावावर एक उपमा सांगतात: मुउंगानो म्हणजे कोट, घट्ट झाला तर काढून ठेवू. विलीन झालेल्याला कोट काढता येत नाही.

देशाच्या नावात मात्र ‘संयुक्त प्रजासत्ताक’च ठेवा. संयुक्त महाराष्ट्रामुळे तो शब्द आपल्या ओळखीचा आहे.

प्रश्नकर्ती
आभार. मग ‘विलीनीकरण’ लेखातून पूर्ण काढू का?

उत्तर
एके ठिकाणी राहू द्या. १९७७ साली मुख्य भूमीवरचा ‘टानू’ आणि झांझिबारचा ‘आफ्रो-शिराझी’ हे दोन्ही पक्ष संपले आणि ‘चामा चा मापिंदुझी’ झाला. तिथे ‘विलीन’ लिहा. देशांसाठी: ‘२६ एप्रिल १९६४ रोजी टांगानिका आणि झांझिबार यांचे एकत्रीकरण झाले.’