खंदकातली कत्तल: दोष शस्त्रांचा की सेनापतींचा?

कोयनाकाठ:
पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. मशीनगन आली, तिच्यापुढे कुणाचंच काही चालेना, आणि सेनापती तरी काय करणार? मला हे पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

मशीनगन, काटेरी तार, खंदक, टेकडीआड लपवलेल्या तोफा, हातबाँब हे सगळं १९१४ च्या दहा वर्षं आधीच जगानं पाहिलं होतं. रशिया-जपान युद्धात, रशियाच्या ताब्यातल्या पोर्ट आर्थर बंदराच्या वेढ्यात. जपानी जनरल नोगीनं ऑगस्ट १९०४ मध्ये पायदळ थेट तटबंदीवर घातलं आणि आठवडाभरात पंधरा हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जायबंदी झाली. मग मात्र जपान्यांनी पद्धत बदलली. खंदक खणत खणत पुढे सरकायचं, भिंतीखाली सुरुंग लावायचे. जपानच्या किनाऱ्यावर बसवलेल्या २८ सेंटिमीटरच्या अवजड हॉवित्झर तोफा उचलून इथे आणल्या, एकूण अठरा. डिसेंबरच्या सुरुवातीला २०३ मीटर टेकडी पडली, टेकडीवर निरीक्षक बसला, आणि खाली बंदरातली रशियन जहाजं एकेक करून बुडवली गेली. नोगीचे दोन्ही मुलगे त्याच युद्धात गेले.

युरोपातल्या सैन्यांचे निरीक्षक हे युद्ध पाहायला हजर होते. ब्रिटिशांचा इयन हॅमिल्टन जपानी फौजेसोबत होता, पुढे तुर्कांविरुद्धची गॅलिपोलीची मोहीम त्याच्याकडेच आली. एवढं डोळ्यांनी बघून घरी काय नेलं? तर जिद्द असेल तर माणसं पडली तरी हल्ला जिंकतो. मग १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीकाठी एका दिवसात ब्रिटिशांची ५७,४७० माणसं कामी आली किंवा जखमी झाली, त्यातली १९,२४० जिवानिशी गेली. याला शस्त्रांचा दोष म्हणायचं? मी नाही म्हणणार.

गनर_देवळाली:
मी तोफखान्यात चोवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. धागाकर्त्याशी माझं जमत नाही.

आधी मशीनगनबद्दल. ब्रिटिश सैन्यानं आपल्या जखमींची जी आकडेवारी ठेवली, तिच्यात सुमारे ५८ टक्के जखमा तोफगोळ्यांच्या आणि मॉर्टरच्या आहेत, गोळ्यांच्या सुमारे ३९ टक्के. त्या युद्धात माणूस मारणारं पहिलं शस्त्र तोफ आहे. मशीनगनचं चित्र डोळ्यांसमोर राहतं, कारण ती समोर दिसते. तोफ कुठून मारते ते मरणाऱ्यालाही कळत नाही.

आता सोम. हल्ल्याआधी सात दिवस तोफमारा चालू होता, पंधरा लाखांच्या आसपास गोळे टाकले. तरी तार तुटली नाही आणि जर्मन जगले. का? मैदानी तोफांचे बहुतेक गोळे श्रॅप्नेलचे होते. हा गोळा हवेत फुटतो आणि आतले साडेतीनशेहून जास्त शिशाचे मणी पुढे उधळतो. उघड्यावरच्या माणसाचा त्यात चुराडा होतो. पण तार कापायची तर गोळा अगदी नेमक्या उंचीवर फुटायला हवा. जरा वर फुटला तर मणी विखरून जातात, जरा खाली गेला तर जमिनीत रुततो. आम्ही फ्यूज (गोळा कधी फुटेल ते ठरवणारा भाग) लावायला शिकायचो तेव्हा उस्ताद हात थरथरला तरी ओरडायचे. तिथे तर कालपर्यंत कारखान्यात नाहीतर शेतावर राबणारी पोरं हे काम करत होती. स्फोटक गोळ्यांपैकी पुष्कळ फुटलेच नाहीत, कारण कारखाने घाईत उभे राहिले होते. आणि जर्मन जमिनीखाली नऊ-नऊ मीटर खोल बसलेले. तारेला नुसतं टेकताच फुटणारा १०६ नंबरचा फ्यूज हाताशी मुबलक आला तो १९१७ मध्ये. तो असता तर पहिल्या सकाळचं चित्र वेगळं दिसलं असतं. वस्तूच नसेल तर सेनापतीनं काय तारेला फुंकर मारायची?

वाचनवेडी:
गनरकाका, त्या ५८ टक्क्यांवर एक शंका. ही आकडेवारी उपचार केंद्रापर्यंत पोचलेल्या जखमींची आहे. जो तारेवरच लटकून मेला, त्याच्या अंगातल्या गोळ्या कुणी मोजल्या?

गनर_देवळाली:
रास्त आहे. खंदक सोडून धावणाऱ्यांत गोळीनं मेलेल्यांचं प्रमाण जास्त असणार, हे मान्य. पण वर्षभर खंदकात बसलेल्या माणसाला गोळाच मारत होता.

कोयनाकाठ:
काका, फ्यूजचं समजलं. पण त्याच दिवशी, त्याच सोमवर, दक्षिण टोकाला मोंटाबाँ गाव ब्रिटिशांनी घेतलं. तेच शस्त्र, तीच तारीख, तेच फ्यूज. शेजारी फ्रेंचांच्या जड तोफा होत्या आणि तिथल्या जर्मन तोफा आधीच गप्प केलेल्या होत्या. म्हणजे जमत होतं! उरलेल्या आघाडीवर का जमलं नाही? तिथल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती रॉलिन्सन याचा बेत पहिली फळी घ्यायची, पचवायची, मग पुढची, असा होता. त्याच्या वरच्या सरसेनापती हेगनं एका दमात दुसऱ्या फळीपर्यंतचं लक्ष्य दिलं. तोफा तेवढ्याच, जमीन वाढली. भाकरी तीच आणि खाणारी तोंडं दुप्पट. हा निर्णय कारखान्यात झाला नव्हता, मुख्यालयात झाला होता.

सिग्नलवाला:
तुम्ही दोघंही तोफा मोजताय, पण खरी अडचण वेगळी होती. हल्ला सुरू झाल्यावर सेनापतीला काहीच कळत नव्हतं.

टेलिफोनची तार गोळ्यानं तुटते. निरोप्या धावतो, मरतो. दुसरा धावतो, तासाभरानं पोचतो, तोवर त्याच्या कागदावरची परिस्थिती शिळी झालेली असते. कबुतरं वापरली, झेंडे वापरले. सोमवर एका डिव्हिजननं शिपायांच्या पाठीला चकाकत्या पत्र्याचे त्रिकोण बांधले होते, विमानातल्या आणि मागच्या निरीक्षकांना आपली माणसं कुठवर गेली ते दिसावं म्हणून. विचार करा, हजारो माणसं कुठे आहेत हे कळायला पत्र्याचा तुकडा! आणि तोच पोरगा जखमी होऊन उन्हात पडला की जरा हलला तरी पत्रा चमकायचा, शत्रूच्या नेमबाजालाही दिसायचा.

मार्च १९१५ ला फ्रान्समधल्या नव्ह शापेलमध्ये लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे आपले लोक होते. पस्तीस मिनिटांचा तोफमारा, साडेतीनशेच्या जवळपास तोफा, जेमतेम दोन किलोमीटरची आघाडी. सकाळीच गाव हातात आलं. पुढचा रस्ता काही तास मोकळा होता. आणि सगळे हुकमाची वाट बघत उभे राहिले, कारण निरोप वर जाऊन खाली यायला वेळ लागला. संध्याकाळपर्यंत जर्मनांनी भगदाड बुजवलं. माणसानं पाठीवर वाहून नेता येईल असा, चालत्या लढाईत भरवशाचा वायरलेस त्या काळी नव्हता. सिकंदर असो की नेपोलियन, त्यांना निदान रणांगण डोळ्यांनी दिसायचं. १९१५ च्या सेनापतीइतका आंधळा सेनापती आधी झाला नाही आणि नंतरही झाला नाही. त्याला मूर्ख म्हणणं अन्याय आहे.

कोयनाकाठ:
आंधळा आहे हे ठाऊक असताना ज्यानं धावायला सांगितलं, त्याचं काय?

गनर_देवळाली:
थांबा, रागावू नका. तुमचं म्हणणं असं की त्यांनी शिकायला नकार दिला. माझं म्हणणं, शिकले, पण शिकण्यासाठी लागणाऱ्या वस्तू आधी घडवाव्या लागल्या. एकच उदाहरण देतो, मला ते फार आवडतं.

शत्रूची तोफ दिसत नसेल तर ती शोधायची कशी? आवाजावरून. काही ठिकाणी मायक्रोफोन ठेवायचे, आवाज कुठे किती उशिरा पोचला ते मोजायचं, हिशेब करून तोफेची जागा काढायची. हे काम लॉरेन्स ब्रॅगकडे होतं. १९१५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि आघाडीवर होता. त्याच वर्षी त्याचा भाऊ गॅलिपोलीत मारला गेला. अडचण अशी की गोळा आवाजाहून जोरात धावतो, त्याचा कडकडाट आधी येतो आणि मायक्रोफोन त्यालाच पकडतात. तोफेचा खरा आवाज खोल असतो, कानाला जवळजवळ लागत नाही. ब्रॅग एका घरात उतरला होता. तिथल्या संडासात बसलेला असताना लांब तोफ उडाली की काही ऐकू येण्याऐवजी खालून दाब जाणवायचा. आवाज कमी पण हवेचा धक्का मोठा, हे त्याच्या लक्षात आलं. टकर नावाच्या त्याच्या एका कॉर्पोरलनं तापवलेल्या बारीक प्लॅटिनमच्या तारेचा उपाय काढला. हवेची झुळूक आली की तार गार होते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. कडकडाटाला ती तार जुमानत नाही, तोफेच्या धक्क्याला मात्र लगेच प्रतिसाद देते.

८ ऑगस्ट १९१८ ला अमियाँच्या हल्ल्यापूर्वी जर्मनांच्या ५३० तोफांपैकी ५०४ तोफांच्या जागा ब्रिटिशांनी आधीच नकाशावर टिपल्या होत्या. एकही चाचणी गोळा न टाकता पहाटे एकदम मारा सुरू झाला, पायदळ रणगाड्यांसोबत निघालं, आणि शत्रूच्या बहुतेक तोफांना तोंड उघडायला मिळालं नाही. सेनेत तोच हेग होता, तोच रॉलिन्सन होता. दोन वर्षांत डोकी बदलली नव्हती, हातातली हत्यारं आणि ती वापरायची रीत बदलली होती.

वाचनवेडी:
अमियाँचा पुरावा पक्का आहे. पण रशियाच्या जनरल ब्रुसिलोव्हला विसरू नका. जून १९१६, सोमच्या एक महिना आधी. हवेच्या झुळुकीनं गार होणाऱ्या तारा त्याच्याकडे नव्हत्या. त्यानं खंदक पुढे खणत शत्रूच्या अगदी जवळ नेले, राखीव फौज जमिनीखाली लपवली, तोफमारा थोडा पण नेमका ठेवला आणि एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी धडक दिली. ऑस्ट्रियाची फळी कोसळली. वस्तू कमी असताना डोकं चालवता येतं, हे त्यानं दाखवलं.

गनर_देवळाली:
समोर जर्मन नव्हते, ऑस्ट्रियन होते. आणि त्याच मोहिमेत पुढे रशियाची माणसं लाखांनी गेली.

तळकोकण:
तुमचं फ्रान्समधलं भांडण वाचतोय. आमचे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर. बगदादच्या दारातून परत फिरून ती डिव्हिजन कूट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. १०३ वी, ११० वी, ११७ वी, तिन्ही मराठा पलटणी आत. घोड्याचं मांस खायला बहुतेकांनी फार उशिरापर्यंत नकार दिला. विमानातून धान्य टाकलं, ते दळायला जात्याचे दगडही विमानातूनच टाकले. आमच्या आजीला तेवढं एकच माहीत होतं, की आभाळातून जातं पडलं. लहानपणी आम्हाला ती थाप वाटायची.

आता मुद्द्याचं. आत अडकलेल्या डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड यानं सुरुवातीला कळवलं की अन्न थोडेच दिवस पुरेल. म्हणून सोडवायला निघालेल्या फौजेनं पुरत्या तोफा आणि माणसं जमण्याआधीच घाई केली. नंतर कूटमध्ये घरोघर झडती घेतली तेव्हा धान्य निघालं आणि मुदत एप्रिलपर्यंत गेली. तोवर हन्नाची लढाई होऊन गेली होती. २१ जानेवारी १९१६. तोकडा तोफमारा, मग पाणी साचलेल्या उघड्या मैदानातून साधारण ६०० यार्ड चालायचं, समोर तुर्कांचे खंदक. २,७०० च्या आसपास माणसं पडली. जखमी पावसात, चिखलात, थंडीत रात्रभर पडून राहिले. त्यांना न्यायला होत्या बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्या. सोडवण्याच्या सगळ्या प्रयत्नांत मिळून २३,००० माणसांची हानी झाली, आतल्या तेरा हजारांना सोडवायला. आणि ते तेरा हजार शेवटी शरण गेलेच. पणजोबा तुर्कांच्या कैदेतून, रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावरून जिवंत परतले. बरेच जण परतले नाहीत.

गनरकाका, इथे कुठला फ्यूज कमी होता?

सिग्नलवाला:
याला माझ्याकडे उत्तर नाही. कूटशी वायरलेसचा संपर्क तर शेवटपर्यंत होता.

कोयनाकाठ:
तळकोकण, मनापासून आभार. सोमबद्दल मी थोडं मागे येतो. दक्षिणेत जमलं ते तोफांमुळेच जमलं, आणि तेवढ्या तोफा सगळीकडे नव्हत्या, हे मान्य. पण तोफा नाहीत हे माहीत असेल तर हल्ला पुढे ढकलायचा असतो. ते ठरवणारा माणूस असतो, तोफ नसते.

गनर_देवळाली:
हन्नासाठी मी भांडणार नाही. तोफखान्याचा माणूस म्हणून सांगतो, तेवढ्या माऱ्यावर मी माझ्या पायदळाला ते सहाशे यार्ड चालायला सांगितलं नसतं. सोमबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. उद्या नव्ह शापेलच्या तोफमाऱ्याचा हिशेब टाकतो, यार्डाला किती तोफ पडली होती त्याचा. मग बोलू.