एमएससाठी स्टेम सेल करावं का? शनिवारच्या आत ठरवायचंय, मदत हवी आहे

अभय_सांगली: ताईला (वय ३८) एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) आहे. गोळ्या चालू आहेत, फरक शून्य. एका ठिकाणी स्टेम सेलची तीन इंजेक्शनं पाठीच्या कण्यात देतो म्हणतात, प्रत्येकी दीड लाख. शनिवारपर्यंत अ‍ॅडव्हान्स भरला तरच स्लॉट मिळेल. न्यूरोलॉजिस्ट नुसतं 'नको' म्हणतात, का ते सांगत नाहीत. कुणी घेतलंय का? हो की नाही एवढंच सांगा. आहार, योगासनं कृपया नकोत.

रेवा: प्रकार कुठला, रिलॅप्सिंग (झटके येऊन ओसरणारा) की प्रोग्रेसिव्ह (सतत वाढत जाणारा)? गोळ्या कुठल्या? शेवटचा एमआरआय कधीचा? एवढं कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

नाना_वर्धा: इंजेक्शनच्या नादी लागू नका. माझ्या मेहुण्याचे पाय असेच गेले होते, पंचकर्माने चालायला लागला. स्वेदन (वाफ देणं), बस्ती आणि रोज गुळवेलीचा काढा.

मुग्धा_म: नाना, मेहुण्यांना एमएसच होता का? मला नऊ वर्षं आहे, म्हणून कळकळीने सांगते. एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं उफाळतात, उथॉफ म्हणतात त्याला. वाफेच्या पेटीतून उठताना माझा उजवा पाय जमिनीवर टेकलेला कळतच नव्हता, समोरच्या बाईचा चेहरा धुकट दिसत होता. पंख्याखाली बसल्यावर तासाभराने उतरलं. आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

नाना_वर्धा: आयुष मंत्रालयाने ते तेव्हाच खोडून काढलं होतं. आम्ही घरच्या वेलाची खातो, काही होत नाही.

मुग्धा_म: तुम्ही खुशाल खा. एमएसची काही औषधं आधीच यकृतावर ताण टाकतात, त्यात ही भर नको एवढंच म्हणणं आहे.

कोकणकन्या: ताईचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) काढलंय का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे.

अभय_सांगली: कार्डाचं विचारलंच नव्हतं हो. रेवा, गोळ्या बॅक्लोफेन, गॅबापेंटिन, व्हिटॅमिन डी. प्रकार कुठे लिहिलेला नाही, रिपोर्टवर फक्त 'डिमायलिनेशन' (नसांचं आवरण खराब होणं) आहे. आता सांगा.

रेवा: मग 'गोळ्यांनी फरक नाही' म्हणण्यात अर्थ नाही. बॅक्लोफेन आखडलेल्या स्नायूंसाठी, गॅबापेंटिन नसांच्या वेदनेसाठी. आजार रोखणारं औषध ताईला अजून मिळालेलंच दिसत नाही. डायमिथाइल फ्युमरेट, फिंगोलिमॉड, रिटुक्सिमॅब यांबद्दल डॉक्टर काही बोलले होते का? आणि रक्तातली अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी तपासली का? ती एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) या आजारात सापडते. हा आजार एमएससारखाच दिसतो, पण एमएसची काही औषधं त्यात उलटतात.

विनय_लीड्स: स्टेम सेल सरसकट थोतांड नाही. इथे शेफिल्डला करतात. आपल्याच रक्तातल्या पेशी काढून ठेवायच्या, केमोने प्रतिकारशक्ती मोडून काढायची, मग पेशी परत द्यायच्या. पण ते रिलॅप्सिंगच्या निवडक रुग्णांना, औषधं हरल्यावर. जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. तुम्हाला विकताहेत ती कण्यातली इंजेक्शनं वेगळीच गोष्ट आहे. नाव तेच असल्याने माणूस फसतो.

अभय_सांगली: पण त्यांनी व्हिडिओ दाखवले, व्हीलचेअरवरचा माणूस चालतोय.

विनय_लीड्स: झांबोनींच्या वेळीही व्हिडिओच होते. २००९ मध्ये इटलीतल्या या सर्जननी सांगितलं की मानेच्या शिरा अरुंद झाल्याने एमएस होतो. जगभर लोकांनी पैसे मोजून शिरा फुगवून घेतल्या. २०१७ मध्ये त्यांच्याच चाचणीत उपयोग नसल्याचं दिसलं. रिलॅप्स आपोआपही ओसरतो, त्याचं श्रेय शेवटच्या उपचाराला जातं.

मुग्धा_म: अभय, इंजेक्शनवाल्यांना सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांप्रमाणे असे स्टेम सेल फक्त मान्य चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

अभय_सांगली: फोन केला. क्रमांक विचारला तर 'साहेब आल्यावर सांगतो' म्हणाले, आणि मुदत लगेच सोमवारपर्यंत वाढवली. पैसे थांबवलेत. पण ताई रोज विचारते, तिला काय सांगू? फायलीत अँटिबॉडीचा रिपोर्ट नाहीये. ती तपासणी सांगलीत होते का?

रेवा: रक्त तिथल्या मोठ्या लॅबच्या केंद्रात देता येईल, नमुना पुढे पाठवतात. 'सेल-बेस्ड' (पेशींवर तपासायच्या) पद्धतीनेच करा म्हणावं, मॉग अँटिबॉडीही (एमएससारख्याच दिसणाऱ्या आणखी एका आजाराची) सोबत. ताईला सांगा, औषध सुरू व्हायचंच राहिलंय, संपलेलं नाही. एमआरआयची सीडी आहे ना? नुसता कागद पाहून कुणी प्रकार सांगणार नाही.