आपणच केलेली पाहणी आणि बदललेला निर्णय: तुमचे अनुभव लिहा

रानवारा
माळा आवरताना जुन्या वह्या सापडल्या. आखलेले रकाने: पाणी कधी आलं, कधी गेलं, रांगेत भांडण झालं का. (शेवटचा रकाना वस्तीतल्या एका आजींचा हट्ट.) कागदोपत्री पाणी रोज दोन तास येत होतं. आम्ही बायकांनी महिनोन्महिने नोंदी ठेवल्या आणि बैठकीत मांडल्या. साहेब म्हणाले, "हे घरी बसून भरलंय." पण भांडणांच्या तारखा चौकीतल्या नोंदींशी जुळल्या, मग कुणाला काही बोलता येईना. वेळापत्रक बदललं. तुमच्याकडे असं काही घडलंय का?

कोरडाकागद
भांडणाचा रकाना! हाहाहा. आजींना दंडवत.

शेवंती_०७
आम्ही शाळागळती मोजली होती. पटावर सगळी हजर, वर्गात अर्धी. पुढे काय झालं ते नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

मधलीसुट्टी
या विषयात गडचिरोली हवंच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आधी बाळांचे मृत्यू नीट नोंदवले, मग गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तरी देशभर आशाताईंच्या गृहभेटींत ते यायला २०११ उजाडलं. बारा वर्षं! पुरावा असला की धोरण बदलतं म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.
मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मण्यांचं यंत्र. दहा-बाराच्या पुढे मोजता न येणाऱ्या बाईने बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, शेजारी वाळूचं घड्याळ. न्यूमोनियात श्वास भराभर चालतो, तो ओळखायला डॉक्टर लागत नाही.

तिरपीरेघ
बारा वर्षं वाचून धीर आला. आमची फाईल अजून तरुण आहे म्हणायची.

उंबरठा
कडू बोलते, राग नसावा. आमच्या वस्तीत दरवर्षी कुणीतरी प्रश्नावली घेऊन येतं. किती माणसं, संडास कुठे, आजार कोणते. निष्कर्ष सांगायला कुणी फिरकत नाही. शेवटी आमच्या बायकांनी ठरवलं, मागच्या वेळचं काय निघालं ते आधी सांगा, मग नवीन फॉर्म. एक मुलगी मात्र खरंच परत आली, चावडीवर सगळं वाचून दाखवलं. दोन आकडे लोकांनी तिथेच दुरुस्त केले.

मधलीसुट्टी
@उंबरठा, राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने हेच केलं. डिसेंबर १९९४ पासून जनसुनवाया. कामाचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचायचे. मेलेल्या माणसांच्या नावावरही मजुरी निघालेली! त्या रेट्याचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे.

निवृत्त_टेबल
मी टेबलाच्या पलीकडे बसायचो. शिव्या नंतर द्या, आधी ऐका. दोनशे पानी अहवाल कपाटात जातो. एका पानावर लिहा: कोणता शासन निर्णय, कोणता मुद्दा, त्याऐवजी काय हवं. आकडे जोडपत्रात. आणि अर्ज देताना पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी "बघतो" म्हणजे काहीच नाही.

कोरडाकागद
काका, आवक क्रमांक मागितला की "उद्या या" म्हणतात हो.

निवृत्त_टेबल
मग स्पीड पोस्टाने पाठवायचं. उद्या या म्हणणारा मीही होतो, सवय असते ती.

शेवंती_०७
आले. हं, तर शाळेचं. गळती भाऊबहिणी सांभाळण्यामुळे होती, हे मुलींनी स्वतः घरोघरी विचारून काढलं. पाळणाघराची मागणी अजून अडकलीय. @निवृत्त_टेबल काका, ते एका पानाचं जरा बघून द्याल का?

निवृत्त_टेबल
द्या की. पण फोटो सरळ काढा, मागच्या वेळी कुणीतरी आडवा पाठवला होता, मान दुखली.